दुःखकाळाचा सतरावा दिवस

ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिताना आपली लेखणी बहुधा परिषदा, परमगुरुस्वामी, धर्मसंघ आणि चर्चच्या इमारती यांच्याभोवतीच फिरत राहते. त्याला कारणही आहे. इमारतीवर पायाभरणीचे साल कोरलेले असते. धर्मगुरूंच्या नेमणुका आणि बदल्या दप्तरात नोंदलेल्या असतात. एखाद्या आईने चुलीपुढे बसून आपल्या मुलाला क्रुसाची खूण करायला शिकविले, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तरीही श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते ती मुख्यतः याच बिननोंदीच्या वाटेने, असे आम्हांस वाटते.

हे विधान प्रवचनात शोभून दिसते. पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकते काय? ते पडताळून पाहण्यासाठी अशी एखादी ख्रिस्तसभा शोधावी लागेल की जिच्याकडून चर्च, धर्मगुरू, मिस्साबली, शाळा हे सारे काढून घेतले गेले आणि केवळ घर तेवढे उरले. असे उदाहरण इतिहासात आहे. जपानमधील नागासाकीच्या परिसरात सुमारे सव्वादोनशे वर्षे एकही धर्मगुरू नव्हता आणि ख्रिस्ती असणे हा देहान्ताचा गुन्हा होता. तरीही तेथील श्रद्धा जिवंत राहिली. ती कशी राहिली, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. वसईकर ख्रिस्ती वाचकांस हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या आरंभीच आपल्या मातीतील एका माणसाचे रक्त सांडले आहे.

वसईहून नागासाकीकडे

संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. पुढील दोन पिढ्यांत येशूसंघीयांचे कार्य तेथे झपाट्याने वाढले. १५६३ साली ओमुरा सुमितादा या सरदाराने स्नानसंस्कार घेतला. त्याच्याच मुलखातील नागासाकी हे खेडे १५७१ पासून पोर्तुगीज जहाजांचे बंदर झाले. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये सुमारे तीन लाख ख्रिस्ती होते, असा अंदाज केला जातो. यांतील सर्वच धर्मांतरे निर्मळ होती, असे मात्र म्हणता येणार नाही. सरदाराने धर्म बदलला की रयतेनेही तो बदलावा, अशी सक्ती काही ठिकाणी झाली आणि देवळे, मठही पाडले गेले. ज्या वाढीचा एक हात सत्तेच्या हातात होता, ती सत्ता उलटल्यावर संकटात सापडावी, हे क्रमप्राप्तच होते.

सत्ता उलटली. तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर देऊन भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सहा फ्रान्सिस्कनांपैकी एक म्हणजे आपल्या वसईचे बंधू गोन्सालो गार्सिया. येशूसंघीयांच्या सहवासात ते लहान वयातच जपानला गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला. १५९३ साली जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कनांचे ते दुभाषी होते. ते धर्मगुरू नव्हते. संघातील साधे बंधू होते. ८ जून १८६२ रोजी परमगुरुस्वामी नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. हा दिनांक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने सर्व देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे करवसुलीने आणि छळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी उठाव केला. तो चिरडल्यानंतर बंदीची अंमलबजावणी अधिकच कठोर झाली आणि पोर्तुगीज जहाजांना देशाची दारे बंद झाली. १६४४ मध्ये कोनिशी मान्सियो हे जपानी धर्मगुरू हुतात्मा झाले. त्यांच्यानंतर देशात एकही धर्मगुरू उरला नाही, असे इतिहासकार मानतात.

घर हीच ख्रिस्तसभा

राजवटीने रचलेला पहारा साधा नव्हता. प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. घरात कोणी मेला तर भिक्षूंना बोलावून त्यांच्या हातून उत्तरक्रिया करून घेणे बंधनकारक होते. पाच-पाच घरांचे गट केलेले असत. एका घरात ख्रिस्ती सापडला तर पाचही घरांना जाब द्यावा लागे. ख्रिस्ती माणसाची खबर देणाऱ्यास चांदीच्या नाण्यांचे इनाम होते. शिवाय नागासाकीत दरवर्षी नव्या वर्षाच्या आरंभी ‘फुमि-ए’चा विधी होई. प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून गावातील लहानथोरांना तिच्यावर पाय द्यायला लावीत. जो अडखळेल तो पकडला जाई.

या पहाऱ्याखाली ख्रिस्ती लोकांनी काय केले? त्यांनी मिशनरींच्या काळात स्थापन झालेल्या प्रापंचिकांच्या बंधुमंडळांचा सांगाडा जपला. पूर्वी ही मंडळे आजाऱ्यांची सेवा करीत, मृतांना पुरीत आणि प्रार्थनेसाठी एकत्र जमत. धर्मगुरू गेल्यावर त्यांतूनच एक नवी व्यवस्था आकारास आली. नागासाकीलगतच्या उराकामी खोऱ्यात तिचे रूप सर्वांत स्पष्ट दिसते. तेथे तीन प्रकारचे सेवक होते. पहिला ‘चोकाता’, म्हणजे वही सांभाळणारा. त्याच्याकडे ख्रिस्ती दिनदर्शिका असे. रविवार कोणता, सण कोणता, उपवासकाळ केव्हा लागतो, याचा हिशेब तो ठेवी. दुसरा ‘मिझुकाता’, म्हणजे पाण्याचा सेवक. प्रत्येक वाडीत एक. नवजात बालकांना स्नानसंस्कार देणे हे त्याचे काम. तिसरा ‘किकियाकु’, म्हणजे ऐकणारा. तो निरोप ऐकून घरोघर पोहोचवी आणि कोणत्या घरी काय अडचण आहे, याची खबर ठेवी.

हे तिघेही शेतकरी होते, कोळी होते. दिवसभर चिखलात राबून रात्री ते ही सेवा करीत. त्यांना पगार नव्हता, पोशाख नव्हता, मानाची खुर्ची नव्हती. पकडले गेले तर सर्वांत आधी मरण्याचा मान तेवढा होता. दिनदर्शिका, पाणी आणि कान एवढ्या तीन गोष्टींवर एक अख्खी ख्रिस्तसभा सात पिढ्या तगून राहिली.

त्यांच्या प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. मूळ लातिन शब्द ‘ओरासियो’. या प्रार्थना कागदावर लिहून ठेवणे धोक्याचे होते, म्हणून त्या पाठ करून पुढच्या पिढीला दिल्या जात. पिढ्यांच्या ओघात उच्चार झिजले, काही शब्दांचे अर्थ हरपले, पण ओठ थांबले नाहीत. ख्रिस्तजन्माच्या सणाला त्यांच्यातील काही लोक ‘नातारा’ म्हणत. आपण त्यालाच ‘नाताळ’ म्हणतो. एकाच पोर्तुगीज शब्दाची ही दोन रूपे, एक अरबी समुद्राच्या काठी आणि दुसरे पूर्व चीनच्या समुद्राच्या काठी, आपापल्या मातीत रुजली. घरात करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिची बाळाला घेतलेली मूर्ती असे. तपासनीसाला ती कान्नोन दिसे आणि घरच्या माणसांना पवित्र मरिया. मयताच्या घरी भिक्षू मंत्र म्हणत असता शेजारच्या खोलीत घरची माणसे हळू आवाजात ओराशो म्हणत बसत.

पाय आणि पश्चात्ताप

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या लोकांनी वर्षानुवर्षे प्रभूच्या प्रतिमेवर पाय ठेवला. निशिझाका टेकडीवर ज्यांनी प्राण दिले त्यांच्या शेजारी या लोकांना कोणते स्थान द्यावे?

त्यांनी स्वतः या प्रश्नाचे उत्तर सोपे करून घेतले नाही. ‘पाय ठेवला म्हणून काय बिघडले, मन शुद्ध आहे’ असे म्हणून ते निर्धास्त झोपले नाहीत. बिशप लुईस सेर्केरा यांच्या काळात, १६०३ साली, पश्चात्तापाविषयी एक लहानसे पुस्तक तयार झाले होते. पापनिवेदनासाठी धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तर परमेश्वरावरील प्रेमापोटी मनोमन केलेला खरा पश्चात्ताप पापक्षमेस पुरेसा होतो, आणि धर्मगुरू मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय त्यात असावा लागतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यात समजावून सांगितली होती. या पश्चात्तापाला ते ‘कोन्चिरिसान’ म्हणत. पोर्तुगीज शब्दाचेच हे जपानी रूप. छळाच्या काळात या पुस्तकाच्या नकला हस्तलिखिताने आणि पाठांतराने फिरत राहिल्या. प्रतिमेवर पाय ठेवून माणसे घरी परतत, तेव्हा ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली जाई.

पापाला पाप म्हणण्याची आणि त्याबद्दल दुःख करण्याची त्यांची शक्ती सात पिढ्यांत बोथट झाली नाही. तिच्यामुळेच, आमच्या मते, त्यांची श्रद्धा सडली नाही. ज्या पेत्राने अंगणातील शेकोटीजवळ तीनदा आपल्या गुरूला नाकारले आणि बाहेर जाऊन अश्रू ढाळले, त्याच्याच हाती प्रभूने कळप सोपविला, हे आपण विसरू नये. हुतात्म्यांचा मान हुतात्म्यांना आहेच. परंतु जे दरवर्षी पडले आणि दरवर्षी रडत उठले, त्यांच्यामुळेच त्या हुतात्म्यांची आठवण ठेवणारे कोणीतरी उरले, हेही तितकेच खरे आहे.

१७ मार्च १८६५

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परदेशी जहाजांसाठी जपानची दारे पुन्हा उघडली. १८५८ च्या करारानुसार परदेशी रहिवाशांना आपल्यापुरते उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले. जपानी लोकांवरील बंदी कायमच होती. पॅरिस मिशन संस्थेच्या फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे लाकडी चर्च बांधले. फेब्रुवारी १८६५ मध्ये त्याचे आशीर्वचन झाले. तीनच वर्षांपूर्वी संतपद मिळालेल्या सव्वीस हुतात्म्यांना ते अर्पण केले होते. म्हणजे आपल्या गोन्सालो गार्सियांच्या नावाचाही त्यात वाटा होता.

१७ मार्च १८६५ रोजी, शुक्रवारी दुपारी, बारा-पंधरा स्त्री-पुरुषांचा एक घोळका त्या चर्चच्या दाराशी येऊन उभा राहिला. फादर बेर्नार पेतिजाँ यांनी दार उघडले आणि आत जाऊन ते वेदीपुढे प्रार्थना करू लागले. तेव्हा त्या घोळक्यातील एका स्त्रीने जवळ येऊन, छातीवर हात ठेवून, दबक्या आवाजात सांगितले की, येथे असलेल्या आम्हां सर्वांचे हृदय आपल्यासारखेच आहे. मग तिने विचारले की, सांता मारियाची प्रतिमा कोठे आहे? ही माणसे उराकामीची होती. त्या स्त्रीचे नाव इझाबेलिना युरी सुगिमोतो असल्याचे इतिहास सांगतो.

पवित्र मरियेच्या प्रतिमेपुढे गुडघे टेकून झालेल्या त्या पहिल्याच संभाषणात त्यांनी एक गोष्ट सहज सांगितली, जी आम्हांस साऱ्या प्रसंगाचा गाभा वाटते. आम्ही सध्या दुःखकाळ पाळतो आहोत आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे, असे ते म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी होता. सुज्ञ वाचकांनी स्वतःच हिशेब करून पाहावा: १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस येतो. रोमहून पत्र नाही, बिशपांचे परिपत्रक नाही, छापील दिनदर्शिका नाही. तरीही शेतात राबणाऱ्या माणसांचा उपवासकाळ रोमच्या उपवासकाळाशी एका दिवसानेही चुकला नव्हता.

हा सतरावा दिवस मोजणारे हात कोणाचे होते? उराकामीच्या चोकातांचे, आणि त्यांच्याकडून ऐकून दिवस पाळणाऱ्या घराघरांतील आयाबायांचे. कोणीही पाहत नसताना, कोणी कौतुक करण्याची शक्यता नसताना, त्यांनी एकेक दिवस मोजला. निष्ठा या शब्दाचा याहून सोपा अर्थ आम्हांस ठाऊक नाही.

पुढील महिन्यांत इतर वाड्यांतून आणि बेटांवरून हजारो लोक पुढे आले. त्यांनी धर्मगुरूंना पारखून घेतले. रोममधील परमगुरुस्वामींना तुम्ही मानता काय, तुम्ही अविवाहित आहात काय, असे प्रश्न त्यांनी विचारले. सव्वादोनशे वर्षे धर्मगुरूंविना राहिलेल्या या प्रापंचिकांनी धर्मगुरूंची परीक्षा घेतली आणि मगच त्यांचा स्वीकार केला. आम्हां धर्मगुरूंस हे वाचताना थोडे अंतर्मुख व्हावे लागते.

उघड जगण्याची किंमत

एकदा हृदय उघड केल्यावर दुहेरी जीवन जगणे त्यांना जमेना. १८६७ साली उराकामीतील कुटुंबांनी आपल्या मृतांच्या उत्तरक्रियेसाठी भिक्षूंना बोलावण्यास नकार दिला. चर्च बांधू द्या अशी त्यांची मागणी नव्हती, शस्त्रही त्यांनी उचलले नव्हते. आपल्या माणसाला आपल्या श्रद्धेप्रमाणे पुरू द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यातून अटकसत्र सुरू झाले. १८६८ मध्ये प्रमुखांना आणि १८७० मध्ये उरलेल्या साऱ्या गावाला, अशा सुमारे ३,४०० जणांना देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले. उपासमार, थंडी आणि छळ यांनी त्यांतील सहाशेहून अधिक जण मरण पावले. कित्येकांनी छळापुढे मान तुकवली. त्यांतील अनेक जण पुढे परत आले. या हद्दपारीला ते लोक साध्या शब्दात ‘प्रवास’ म्हणत. परदेशांतून झालेल्या टीकेमुळे १८७३ साली बंदीचे फलक उतरविण्यात आले आणि ‘प्रवासी’ घरी परतले.

घरी काय होते? ओस पडलेली शेते आणि मोडलेली घरे. त्यात १८७४ साली हगवणीची साथ आली. हद्दपारी भोगून आलेल्या इवानागा माकी या पंचविशीतील तरुणीने आणखी काही स्त्रियांना सोबत घेऊन फादर मार्क द रोत्झ यांच्या मार्गदर्शनाखाली घरोघरी रुग्णसेवा केली. साथीत पोरकी झालेली मुले त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतली. व्रत घेण्याआधी आणि मठ उभा राहण्याआधी त्यांची सेवा सुरू झाली होती. पुढे त्यातूनच धर्मभगिनींचा एक संघ आकारास आला.

सारेच लुप्त ख्रिस्ती मात्र ख्रिस्तसभेत परतले नाहीत. इकित्सुकी, गोतो अशा बेटांवरील अनेक कुटुंबांनी वाडवडिलांनी दिले तेच पाळायचे ठरविले. त्यांच्या प्रार्थनांत आणि विधींत तोवर पितरपूजा व स्थानिक श्रद्धा पुष्कळ मिसळल्या होत्या. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्या निष्ठेने एकांना परत आणले, त्याच निष्ठेने दुसऱ्यांना मागे ठेवले, ही गुंतागुंत इतिहासकाराने मान्य केली पाहिजे. घरात जपलेली श्रद्धा आणि विश्वव्यापी ख्रिस्तसभेचा सहवास या दोहोंची एकमेकांना गरज असते, हाही या कथेचा एक धडा आहे.

स्वयंपाकघरातील जपमाळ

उराकामीच्या लोकांनी पुढे गावच्या पाटलाच्या वाड्याची जागा विकत घेतली. याच वाड्यात त्यांच्या वाडवडिलांना दरवर्षी प्रतिमेवर पाय ठेवावा लागत असे. तेथेच त्यांनी मोठे चर्च बांधले. १८९५ साली बांधकाम सुरू झाले, ते १९१४ साली पुरे झाले. गरीब शेतकऱ्यांनी पदरमोड करून विटा जमविल्या. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी त्या चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँब फुटला. उराकामीतील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मरण पावले. जे राजवटीला अडीच शतकांत साधले नाही, ते एका क्षणात घडले.

त्या दिवशी डॉ. ताकाशी नागाई हे क्ष-किरणतज्ज्ञ आपल्या रुग्णालयात जखमींची शुश्रूषा करीत होते. त्यांची पत्नी मिदोरी ही उराकामीच्या चोकाता घराण्यातील लेक. याच घराच्या सहवासात नागाई ख्रिस्ती झाले होते. १९३४ साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. दोन दिवसांनी ते घरी पोहोचले, तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी त्यांना पत्नीच्या अस्थी आणि त्यांच्याजवळ वितळलेली जपमाळ सापडली. दिनदर्शिका सांभाळणाऱ्यांच्या घरातली शेवटची खूण चुलीजवळ मिळाली. रक्ताच्या कर्करोगाने खंगलेले नागाई १९५१ साली निवर्तले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी शेजाऱ्यांनी बांधून दिलेल्या दोन चटयांएवढ्या झोपडीत लिहिण्यात घालविली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेवरून त्यांनी त्या झोपडीला नाव दिले होते.

२०१८ साली युनेस्कोने नागासाकी परिसरातील लुप्त ख्रिस्ती स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि २४ नोव्हेंबर २०१९ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी निशिझाका टेकडीवर प्रार्थना केली. गोन्सालो गार्सियांच्या त्या टेकडीवर आज यात्रेकरू जातात. परंतु खरा वारसा दगडामातीचा नव्हता, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

आपला हिशेब

आपल्या वसईनेही एक लहानशी कसोटी पाहिली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगीजांबरोबर युरोपीय धर्मसंघही निघून गेले. जपानमधल्यासारखी सरसकट बंदी मराठ्यांच्या राज्यात आली नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तहाने मागे राहणाऱ्यांना उपासनेची मोकळीक दिली होती आणि एतद्देशीय धर्मगुरू सेवेला होते. तरीही राजाश्रय संपला होता. ज्यांना सत्तेच्या सावलीसाठीच ख्रिस्ती राहायचे होते, त्यांना दुसरी सावली शोधता आली असती. वाडी करणारे, मासे मारणारे आपले पूर्वज मात्र मागे राहिले आणि ख्रिस्ती राहिले. त्यांच्या आयाबायांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपण मात्र त्यांच्यामुळे आहोत.

आज आपल्याकडे चर्च आहेत, १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, रोजची मिस्सा आहे, सण थाटात साजरे होतात. ही परमेश्वराची कृपा आहे आणि तिच्याविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु नागासाकीचा इतिहास आपल्या उंबरठ्यावर येऊन काही प्रश्न विचारतो. धर्मगुरू आणि घंटा दोन्ही उद्या नाहीशी झाली, तर उपवासकाळाचा सतरावा दिवस कोणता, हे आपल्या घरात कोण सांगू शकेल? संध्याकाळची प्रार्थना पुस्तकावाचून कोणास येते? दिवसभरात कोणाला फसविले, कोणाचा बांध कोरला, कोणाची मजुरी रखडवली, याचे दुःख झोपण्यापूर्वी आपल्याला होते काय? आणि शेजारच्या घरी काय अडले आहे हे ऐकणारा एखादा कान आपल्या आळीत आहे काय?

श्रद्धा प्रामाणिकपणे जगायची म्हणजे काही अलौकिक करून दाखवायचे, असे पुष्कळांना वाटते. उराकामीच्या शेतकऱ्यांनी दिवस मोजले, बाळाच्या डोक्यावर पाणी घातले, चुकल्यावर पश्चात्ताप केला आणि शेजाऱ्याचे ऐकून घेतले. एवढ्यावर त्यांनी एका साम्राज्याची बंदी ओलांडली. दिवस मोजणे, पश्चात्ताप करणे आणि शेजाऱ्याचे ऐकून घेणे यांसाठी आपल्याला धर्मगुरूंच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आज रात्री जेवणे आटोपल्यावर, दूरदर्शनचा आवाज बंद करून, त्यांतल्या एकापासून आरंभ करता येईल.